ऑल्ट टेक्स्ट सगळीकडे भरला, तरी अंध वापरकर्ता अडकतो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका टीमने वेब ॲप्लिकेशन बनवलंय. त्यात पायरीपायरीचा नोंदणी फॉर्म आहे, टॅब आहेत, पॉपअप आहेत, टाइप करताना खाली पर्याय सुचवणारा सर्च बॉक्स आहे, आलेख आहेत आणि कार्डं ओढून एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात टाकायची सोय आहे. सगळ्या चित्रांना ऑल्ट टेक्स्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन) दिलाय, तपासणीच्या टूलमध्ये नव्वदच्या वर गुण येतात. तरी एका अंध वापरकर्त्याने कळवलंय, की नोंदणीच्या पहिल्या पायरीपुढे जाताच येत नाही. टीम विचारतेय, आता आणखी काय करायचं राहिलंय?

तुमचा कोड मी पाहिलेला नाही. पण दुसऱ्यांनी बनवलेली पानं मॉनिटर बंद करून, स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून वापरून बघायची, हेच माझं गेल्या बारा वर्षांचं काम. त्या जोरावर पैजेवर सांगतो, की चित्रांमुळे तो अडकलेला नाही. एखाद्या चित्राला ऑल्ट नसला तर माणूस वैतागतो, पण पुढे जातो. अडकतो तो जिथे त्याने काहीतरी दाबलं, पडद्यावर काहीतरी बदललं आणि त्याला ते कुणी सांगितलंच नाही, तिथे. तुमच्या ॲपमध्ये तर क्षणोक्षणी काहीतरी बदलतंय. तेव्हा प्रत्येक क्लिकनंतर दोन गोष्टी तपासत चला: आता फोकस (कीबोर्ड सध्या ज्या घटकावर आहे ती जागा) कुठे आहे, आणि कानावर काय पडलं?

बऱ्याच डेव्हलपरांना वाटतं, की स्क्रीन रीडर पडद्यावर दिसतं ते वाचतो. तसं नाही. ब्राउझर डॉमवरून (पानाच्या कोडमधल्या घटकांच्या झाडावरून) आणखी एक झाड तयार करतो, त्याला ॲक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात. त्यात प्रत्येक घटकाबद्दल मुख्यतः तीन गोष्टी असतात: त्याचं नाव काय, तो आहे कोण (बटण, लिंक, चेकबॉक्स), आणि सध्या कुठल्या स्थितीत आहे (उघडा की मिटलेला, निवडलेला की नाही). स्क्रीन रीडरच्या हाती एवढंच लागतं. सीएसएसने (पानाच्या सजावटीच्या कोडने) डिव्हला, म्हणजे स्वतःचा अर्थ नसलेल्या साध्या डब्याला, गोल कोपरे, सावली, निळा रंग दिला तरी या झाडात तो डिव्हच राहतो. क्रोममध्ये इन्स्पेक्ट उघडून ॲक्सेसिबिलिटीचं पॅनल बघा, तुमचं ॲप तिथे कसं दिसतं ते पाच मिनिटांत कळेल. बरेचजण तिथे पहिल्यांदा डोकावतात तेव्हा जरा गप्प होतात.

आता तुमच्या नोंदणीच्या पानावर काय होत असावं ते डोळ्यांसमोर आणतो, म्हणजे कानांसमोर. वापरकर्ता टॅब की दाबत एकेक चौकट भरतोय. "नाव, एडिट, रिकामं." "ईमेल, एडिट, रिकामं." "फोन, एडिट, रिकामं." पुन्हा टॅब. "गोपनीयता धोरण, लिंक." ही लिंक पानाच्या तळाची. मधलं "पुढे" कुठे गेलं? ते बटण नाही, क्लिक लावलेला डिव्ह आहे, आणि डिव्हवर टॅब थांबत नाही. माणूस चिकाटीचा असेल तर बाणाच्या कीने एकेक ओळ मागे जाईल आणि त्याला ऐकू येईल, "पुढे, क्लिकेबल". त्यावर एंटर दाबला तर एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर बहुतेक वेळा क्लिक करून देतो. पण समजा फोन नंबर एक आकडा कमी पडला होता. फॉर्मच्या वर लाल अक्षरांत संदेश आला. कानावर काहीच नाही. तो पुन्हा एंटर दाबतो, पुन्हा शांतता. तुम्हाला आलेलं "पुढे जाताच येत नाही" हे पत्र त्याने बहुधा याच ठिकाणी लिहिलंय.

यावरचा उपाय चमत्कारिक वाटेल इतका साधा आहे. डिव्ह काढा, खरं बटण टाका. टॅब थांबणं, एंटर आणि स्पेस दोन्हींनी चालणं, "पुढे, बटण" असं ऐकू येणं, हे सगळं फुकट मिळतं. चूक झाली तर फोकस पहिल्या चुकलेल्या चौकटीत नेऊन ठेवा, तिच्यावर आरिया-इनव्हॅलिड (नोंद चुकल्याची खूण; आरिया म्हणजे काय ते पुढे येतंच) लावा आणि चुकीचा मजकूर आरिया-डिस्क्राइब्डबायने तिला जोडा. मग ऐकू येतं, "फोन, एडिट, चुकीची नोंद, दहा आकडे हवेत". आणि चौकटीचं नाव प्लेसहोल्डरमध्ये (चौकटीतल्या फिकट मजकुरात) ठेवू नका. लिहायला सुरुवात केली की ते डोळस माणसालासुद्धा दिसेनासं होतं.

आरियाचं नाव निघालंच आहे तर त्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त नासधूस इथेच होते. वाय-आरिया ही वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची शिफारस. तिची पहिली आवृत्ती २०१४ मध्ये आली, १.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये. टॅब, स्लायडर, ट्री, कॉम्बो बॉक्स अशा गोष्टी साध्या एचटीएमएलमध्ये धड सांगता येत नव्हत्या, त्या सांगायला ही शब्दावली. पण आरिया फक्त सांगते, करत काही नाही. डिव्हला बटणाचा रोल (तो कोण आहे याची ओळख) दिला की स्क्रीन रीडर "बटण" म्हणतो. त्यावर टॅब थांबवणं, एंटर-स्पेस ऐकणं, बंद असेल तर बंद असल्याचं कळवणं, हे सगळं तुमच्या अंगावर येतं. म्हणून नियम असा, की जे एचटीएमएलमध्ये तयार आहे ते आरियाने पुन्हा घडवू नका. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुख्यपानांची स्वयंचलित तपासणी करते, त्यात आरिया वापरलेल्या पानांवर सरासरी चुका जास्तच सापडतात. अशी पानं मुळातच गुंतागुंतीची असतात हे खरं, पण हाताने घातलेला घोळही त्यात बराच असतो.

एक नमुना देतो. साइटच्या साध्या नेव्हिगेशनला कुणीतरी "मेन्यू" हा रोल लावतो, कारण डिझायनर त्याला मेन्यूच म्हणतो. पण आरियातला मेन्यू म्हणजे डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधला फाइल-एडिटवाला मेन्यू. तो रोल ऐकला की वापरकर्ता बाणाच्या की दाबतो, तुमच्या कोडमध्ये बाणांचं काहीच नसतं, आणि तो तिथेच उभा. नॅव्ह, त्यात यादी, यादीत लिंक, एवढं पुरे होतं.

विंडोजवरचे स्क्रीन रीडर दोन मोडमध्ये चालतात, ही गोष्ट न कळल्यामुळे भले भले डेव्हलपर गोंधळतात. ब्राउझ मोडमध्ये कीबोर्डवरची अक्षरं म्हणजे आज्ञा असतात: एच दाबलं की पुढचं हेडिंग, बी म्हणजे बटण, टी म्हणजे टेबल, एनव्हीडीएत के म्हणजे लिंक. त्या कळा तुमच्या जावास्क्रिप्टपर्यंत पोचतच नाहीत. एडिट बॉक्समध्ये किंवा टॅब, स्लायडर यांसारख्या रोलवर गेलं की फोकस मोड सुरू होतो आणि कळा पानाला मिळायला लागतात. म्हणून तुमचा रोल चुकला की मोड चुकतो, आणि मोड चुकला की कीबोर्डच बिनसतो. "आमच्याकडे चाललं, त्यांच्याकडे चालत नाही" या तक्रारीमागे निम्म्या वेळा हेच असतं. लांबलचक पानावर माहिती शोधताना बहुतेक स्क्रीन रीडर वापरणारे हेडिंगवरून उड्या मारतात, त्यामुळे हेडिंग खरी हवीत. ठळक अक्षरं म्हणजे हेडिंग नव्हे.

आता सर्च बॉक्स. हा सगळ्यात अवघड प्रकार, म्हणून तो बरोबर केल्यावर कसा ऐकू येतो तेच लिहितो. चौकटीत गेलं: "विषय शोधा, कॉम्बो बॉक्स, मिटलेला, एडिट". "भू" टाइप केलं. जरा थांबलं, की आवाज येतो: "३ पर्याय". खालचा बाण: "भूगर्भशास्त्र, ३ पैकी १". पुन्हा बाण: "भूगोल, ३ पैकी २". एंटर: चौकटीत "भूगोल", यादी मिटली. एस्केप दाबलं असतं तर यादी मिटून लिहिलेलं "भू" तसंच राहिलं असतं. या सगळ्यात खरा फोकस चौकट सोडून कुठेही जात नाही. कुठला पर्याय सध्या हाताखाली आहे ते आरिया-ॲक्टिव्हडिसेंडंटने सांगायचं, यादी उघडी की मिटलेली ते आरिया-एक्सपांडेडने. "३ पर्याय" ही घोषणा प्रत्येक अक्षरागणिक करू नका. टाइप करणारा थांबला की मगच करा, नाहीतर त्याने लिहिलेली अक्षरं आणि तुमचे आकडे एकमेकांवर आदळतात. आणि खरं सांगू? दहा-पंधराच पर्याय असतील तर साधं सिलेक्ट (ब्राउझरची तयार पर्याययादी) ठेवा. ते कुरूप दिसतं म्हणून डिझायनर नाक मुरडेल, त्याला मुरडू द्या.

ती घोषणा होते लाइव्ह रीजनमधून. लाइव्ह रीजन म्हणजे असा कोपरा, की त्यातला मजकूर बदलला की फोकस न हलवता तो वाचला जातो. यातली हमखास चूक अशी: संदेश दाखवायचा त्या क्षणी आख्खा डबाच तयार करून पानात टाकायचा. कितीतरी वेळा तो वाचलाच जात नाही. डबा आधीपासून पानावर रिकामा असावा, मागाहून त्यात मजकूर पडावा. पोलाइट म्हणजे चालू वाक्य संपल्यावर, असर्टिव्ह म्हणजे मध्येच तोडून. "सेव्ह झालं" याला पोलाइट. "दोन मिनिटांत सेशन संपेल" याला असर्टिव्ह. मी एकदा एका साइटवर दर सेकंदाला असर्टिव्हने मोजणारं घड्याळ ऐकलंय. त्या पानावर दुसरं काहीही ऐकणं अशक्य होतं. शेवटी स्पीकर बंद करून कोड वाचला.

पॉपअपचं गणित फोकसचं आहे. उघडला की फोकस आत, आत असेपर्यंत टॅबने मागच्या पानावर घरंगळायचं नाही, एस्केपने बंद, आणि बंद झाल्यावर फोकस ज्या बटणावरून उघडला तिथेच परत. डायलॉग हा एचटीएमएलचा घटक २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. शोमोडल वापरून उघडला तर यातलं बहुतेक तो स्वतःच करतो, त्यामुळे जुनी लायब्ररी टाकून देता येते. एक खाच मात्र उरते. "ही नोंद काढून टाकायची?" असं विचारणारा पॉपअप, आपण "हो" म्हणतो, नोंद जाते आणि तिच्याबरोबर ते डिलीटचं बटणही जातं. आता फोकस परत जाणार कुठे? तो पानाच्या सुरुवातीला फेकला जातो, आणि चाळीस नोंदींच्या यादीत तेविसावी काढणारा माणूस पुन्हा पहिल्यापासून मोजत बसतो. अशा वेळी फोकस पुढच्या नोंदीवर न्या, यादी रिकामी झाली तर तिच्या हेडिंगवर. शिवाय चाळीस ओळींत चाळीस वेळा "डिलीट, बटण" ऐकू येत असेल तर कुठलं कुठलं ते कळत नाही. नावात नोंदीचं नाव येऊ द्या.

एकाच पानात सगळं बदलणाऱ्या ॲपमध्ये हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर होते. लिंक दाबली, आतलं सगळं बदललं, पण ब्राउझरच्या लेखी पान तेच, त्यामुळे स्क्रीन रीडर गप्प. पानाचं टायटल बदला आणि फोकस नव्या मजकुराच्या मुख्य हेडिंगवर न्या. काम फारच थोडं आहे, पण राउटरबरोबर (ॲपमधली पानं बदलणाऱ्या लायब्ररीबरोबर) ते आपोआप येईल असं गृहीत धरू नका.

टॅबबद्दल फार सांगत नाही: टॅब कीने टॅबच्या पट्टीवर एकदाच थांबायचं, पट्टीच्या आत बाणांनी फिरायचं, निवडलेल्या टॅबवर आरिया-सिलेक्टेड. आवाज बंद करण्यासारख्या, एकदा दाबलं की लागू आणि पुन्हा दाबलं की रद्द होणाऱ्या बटणांत एक जुनी गंमत आहे. दाबल्यावर काहीजण नावही बदलतात आणि आरिया-प्रेस्डही लावतात. मग ऐकू येतं, "आवाज सुरू करा, दाबलेलं". म्हणजे आवाज आता चालू आहे की बंद? एकतर नाव बदला, नाहीतर स्थिती. दोन्ही नको.

आलेखांकडे येतो. कॅनव्हासवर (नुसत्या पिक्सेलनी चित्र काढायच्या घटकावर) काढलेला आलेख ॲक्सेसिबिलिटी ट्रीमध्ये एक रिकामी चौकट असतो. एसव्हीजीचं (आकार आणि अक्षरं सुट्या घटकांनी रचलेल्या चित्राचं) उलट: नीट बांधला नाही तर अक्षांवरचे सगळे आकडे सुटेसुटे ऐकू येतात, "शून्य, वीस, चाळीस, जाने, फेब्रु". दोन्ही निरुपयोगी. डोळस माणूस आलेखातून दोन गोष्टी घेतो: एका नजरेत कळणारा कल, आणि हवं तेव्हा एखादा नेमका आकडा. त्या दोन्ही द्या. ऑल्टमध्ये "मासिक भेटींचा आलेख" असं लिहिणं म्हणजे पाकिटावर "पत्र" लिहिणं. "जानेवारी ते जून भेटी सतत वाढल्या, जुलैत निम्म्यावर आल्या" असं लिहा. आणि खाली खरं टेबल द्या, कॅप्शन आणि रकान्यांच्या शीर्षकांसकट. स्क्रीन रीडरने टेबलात आडवं-उभं फिरता येतं, तेव्हा "जुलै" या शीर्षकासह आकडा ऐकू येतो. ते टेबल फक्त अंधांसाठी लपवून ठेवू नका, "आकडे बघा" असं बटण सगळ्यांनाच द्या. माझा अनुभव असा, की ते सगळ्यात जास्त डोळस हिशेबनीसच दाबतात.

कार्डं ओढण्याबाबत: डब्ल्यूसीएजी या वेब सुगमतेच्या निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तिच्यात ओढायची क्रिया न ओढता साध्या क्लिकनेही करता यावी, असा निकष आहे. कीबोर्डने सगळं जमलं पाहिजे हा निकष तर त्याच्याही कितीतरी आधीचा. प्रत्येक कार्डाला "हलवा" असं बटण द्या, त्यात "वर", "खाली" आणि रकान्यांची नावं. हलवल्यावर लाइव्ह रीजनमधून सांगा: "कार्ड 'झालेली कामं' रकान्यात, ५ पैकी २". ओढण्यासाठी आरिया-ग्रॅब्ड सुचवणारे जुने लेख सापडतील, ते वाचू नका. तो गुणधर्म आरिया १.१ मध्येच मोडीत निघाला.

इथवर मी फक्त कानांचं बोललो. पण दृष्टिबाधित लोकांपैकी बहुतेकांना काही ना काही दिसतं, आणि त्यांच्या अडचणी वेगळ्याच असतात. चारपट मोठं करून बघणाऱ्याला एका वेळी पडद्याचा सोळावा भाग दिसतो. तो डावीकडे वर फॉर्म भरतोय आणि तुमचा "सेव्ह झालं"चा संदेश उजवीकडे खाली तीन सेकंद येऊन गेला, तर त्याच्यासाठी तो आलाच नाही. संदेश क्रियेच्या जवळ दाखवा, आपोआप पळवू नका. १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत ब्राउझरचा झूम ४०० टक्के केला की पानाला ३२० पिक्सेलच मिळतात. तेवढ्या रुंदीत आडवं न सरकवता वाचता आलं पाहिजे. वर चिकटून राहणारी पट्टी तिथे अर्धा पडदा खाते आणि तिच्याखाली फोकस दडतो, ते खास तपासा. माउस नेल्यावर उघडणारी टूलटिप एस्केपने मिटली पाहिजे, आणि तिच्या मजकुरावर माउस नेला तरी टिकली पाहिजे, कारण मोठं करून बघणाऱ्याला ती वाचायला माउस सरकवावाच लागतो.

कॉन्ट्रास्टचे आकडे पाठ असू द्या: साध्या मजकुराला ४.५ ला १, मोठ्या मजकुराला आणि बटणांच्या कडा, आयकॉन यांना ३ ला १. फोकसची चौकट कुरूप दिसते म्हणून आउटलाइन नन करणारे अजूनही भेटतात. त्यातले शहाणे तिच्याऐवजी बॉक्स-शॅडोने सुंदर कडा काढतात, पण विंडोजच्या कॉन्ट्रास्ट थीममध्ये बॉक्स-शॅडो गायब होते. तिच्या जोडीला पारदर्शक आउटलाइन ठेवा; त्या थीममध्ये ती आपोआप रंगीत होऊन दिसते.

आणि पान मराठी असेल तर लँग गुणधर्मात "इंग्रजी" राहिलेलं नाही ना, ते बघा. टेम्प्लेटमधून तो तसाच येतो, आणि मग देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाच्या गळ्यात पडतो. काही आवाज त्याची मोडतोड करतात, काही तो मजकूर चक्क गाळून टाकतात.

तपासणीबद्दल. ॲक्स, वेव्ह, लाइटहाउस ही टूल्स वापराच, पण ती ऑल्ट आहे का, असलंच बघतात. ऑल्टमध्ये अर्थ आहे का, पॉपअपनंतर फोकस कुठे गेला, हे त्यांना कळत नाही. तुमचे नव्वदच्या वरचे गुण खोटे नाहीत, ते अपुऱ्या प्रश्नपत्रिकेचे आहेत. एक ओळ स्क्रिप्ट टाका आणि साइट सुगम करा, असं सांगत जे विजेट विकायला येतात त्यांना चहा पाजून परत पाठवा. डिव्हचं बटण ते करत नाहीत, उलट वापरकर्त्याच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरच्या मध्ये तोंड घालतात. एनव्हीडीए फुकट मिळतो. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००६ मध्ये तो सुरू केला. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत चालवून बघा. मॅकवर आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक आधीच बसवलेले असतात. फोनवर उजवीकडे बोट फिरवणं म्हणजे "पुढचा घटक", त्यामुळे तुमचा बोटाने सरकणारा कॅरोसेल (चित्रांची सरकपट्टी) तिथे तसा सरकणार नाही, बटणं द्या.

पहिल्या आठवड्यात सगळं करायला जाऊ नका. माउस ड्रॉवरमध्ये टाका आणि नोंदणीपासून शेवटच्या पायरीपर्यंत नुसत्या कीबोर्डने जा. मग तेच एनव्हीडीए लावून, पडदा झाकून. जिथे शांतता पसरेल ती जागा लिहून ठेवा. आणि त्या वापरकर्त्याला आजच उत्तर लिहा. "आम्ही बघतोय" एवढंच नको. कुठला स्क्रीन रीडर, कुठला ब्राउझर हे विचारा, आणि मुख्य म्हणजे हे विचारा: अडकलात त्याआधी शेवटचं काय ऐकू आलं होतं? त्याने लिहिलेलं ते वाक्य कोडमध्ये शोधा. बिघाड त्याच्या पुढच्याच ओळीत असेल.